विश्लेषण : पाच फुटांच्या हौद्यात कोणता टूलबॉक्स? पिकअपवाल्यांनी पेटी घेण्याआधी काय मोजावे?

सौर कृषी पंप बसवणारे, बोअरच्या मोटारी काढणारे, मोबाइल टॉवरची देखभाल करणारे, वीजवाहिन्यांची कामे घेणारे ठेकेदार. या सगळ्यांना एकाच गाडीत चार माणसे आणि सामान न्यायचे असते. त्यामुळे महिंद्र बोलेरो कॅम्पर, इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स अशा दुहेरी केबिनच्या पिकअपना मागणी असते. पण केबिन वाढली की हौदा आखडतो. त्यात पान्हे, केबल, चेन-ब्लॉक, ड्रिल मशीन यांच्यासाठी पेटी बसवायची म्हटले की खरी अडचण सुरू होते.

आखूड हौदा म्हणजे किती?

ही वर्गवारी मूळची अमेरिकेतली. तिथे फोर्ड एफ-१५० हा पिकअप साडेपाच, साडेसहा आणि आठ फूट अशा तीन लांबीच्या हौद्यांत मिळतो. त्यातला साडेपाच फुटी तो आखूड. आपल्याकडच्या दुहेरी केबिनच्या गाड्यांचा हौदा साधारण दीड मीटरचा, म्हणजे पाच फुटांच्या आसपास असतो. अमेरिकेतल्या आखूड हौद्यापेक्षाही थोडा कमीच.

ऑनलाइन दिसणारे बरेच तयार टूलबॉक्स तिथल्या रुंद गाड्यांच्या मापाचे असतात. ते आपल्या गाडीच्या कडांवर नीट बसतीलच असे नाही. म्हणून जाहिरातीतले माप आणि आपल्या गाडीचे टेपने घेतलेले माप शेजारी ठेवल्याशिवाय ऑर्डर देऊ नये.

पेटी नेमकी किती जागा खाते?

केबिनच्या मागे आडव्या बसणाऱ्या पेटीची पुढून मागे रुंदी ५०० मिमी धरू. आठ फुटी, म्हणजे सुमारे २४४० मिमी हौद्यात ती एक पंचमांश लांबी घेते. १५०० मिमीच्या हौद्यात तीच पेटी एक तृतीयांश लांबी घेते आणि सामानाला उरतो एक मीटर. बोअरचा सबमर्सिबल पंप मोटारीसह अनेकदा मीटरच्या पुढे जातो. मग तो तिरका ठेवावा लागतो, नाहीतर मागचा फाळका उघडा ठेवून न्यावा लागतो.

इथे कायद्याचाही प्रश्न येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४(१अ) नुसार माल परवानगीच्या मर्यादेपलीकडे बाजूने, पुढे, मागे किंवा उंचीत बाहेर आला, तर २० हजार रुपये दंड आहे. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला बाहेर आलेला पाइप वेळेत दिसत नाही, हा धोका तर दंडापेक्षा मोठा. त्यामुळे टूलबॉक्स निवडताना ‘आत किती मावेल?’ याच्या आधी ‘बाहेर किती उरेल?’ हे विचारायला हवे.

कोणते प्रकार आहेत?

आडवी पेटी : सर्वांत जास्त वापरली जाणारी. १५०० × ५०० × ४५० मिमीच्या पेटीत सुमारे ३३७ लिटर जागा मिळते. आखूड हौद्यासाठी मात्र उथळ पेटी उजवी ठरते. उंची ३०० मिमी ठेवली तर जागा २२५ लिटरवर येते, पण पेटी वरच्या कडांवर टेकवली की खाली पोकळी राहते. हौदा ४५० मिमी खोल असेल तर ती १५० मिमीची होते. छोटे पाइप, पहारी, अँगल त्या पोकळीतून थेट केबिनच्या भिंतीपर्यंत सरकतात आणि लांबी वाचते.

चाकाजवळच्या बाजूपेट्या : मागच्या चाकावरच्या उंचवट्यामुळे हौद्याच्या कोपऱ्यांत जागा वाया जाते. तिथे बसणाऱ्या अरुंद पेट्या लहान असतात, पण मधली पूर्ण लांबी मोकळी राहते. रोजचे पान्हे, पक्कड, टेस्टर एवढ्यासाठी त्या पुरतात.

सरकते खण : संपूर्ण तळावर बसतात आणि फाळका उघडून बाहेर ओढता येतात. ते लांबीऐवजी उंची घेतात. वर सपाट फळी मिळते, पण जड सामान तेवढेच वर उचलावे लागते आणि गाडीचा भारही वर जातो. किंमत आणि वजन दोन्ही जास्त.

हौद्याखालची पेटी : ट्रकना चेसीलगत असते तशी. हौद्यातली जागा मुळीच जात नाही. मात्र चिखल, पाणी आणि खराब रस्त्यावरचे दगड यांचा मार तिला बसतो. शेतातल्या वाटेने जाणाऱ्या गाडीने जमिनीपासूनचे अंतर आधी तपासावे.

लोखंड की ॲल्युमिनियम?

वरच्या ३३७ लिटरच्या पेटीला सुमारे ३.३ चौरस मीटर पत्रा लागतो. २ मिमी लोखंडी पत्र्याचे वजन साधारण ५२ किलो होते, ३ मिमी ॲल्युमिनियमचे २७ किलो. म्हणजे रिकाम्या पेटीतच २५ किलोचा फरक. लोखंडी पेटी स्वस्त, गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे मापाने बनते आणि वेल्डिंगने दुरुस्तही होते. ॲल्युमिनियम हलके आणि सहसा गंजत नाही, पण त्याचे वेल्डिंग सगळीकडे होत नाही.

कोकणासारख्या दमट, खाऱ्या हवेत आणखी एक काळजी घ्यावी लागते. ॲल्युमिनियम थेट लोखंडाला टेकले आणि मध्ये खारे पाणी साचले, तर ॲल्युमिनियम झिजू लागते. दोन्हींमध्ये रबराची पट्टी हवीच.

पेटी पुढे की मागे?

समजा गाडीच्या दोन आसांमध्ये तीन मीटर अंतर आहे आणि भरलेली पेटी १५० किलोची आहे. ती केबिनला लागून, मागच्या आसाच्या ३०० मिमी पुढे ठेवली, तर मागच्या चाकांवर १३५ आणि पुढच्यांवर १५ किलो भार येतो. तीच पेटी फाळक्याजवळ, आसाच्या ७०० मिमी मागे ठेवली, तर मागच्या चाकांवर १८५ किलो येतात आणि पुढच्या चाकांवरचा भार ३५ किलोने कमी होतो. पुढची चाके हलकी झाली की घाटात आणि ओल्या रस्त्यावर स्टिअरिंगचा भरवसा कमी होतो. म्हणून जड पेटी केबिनला लागूनच हवी आणि त्यातही जड हत्यारे तळाशी.

पेटीचे आणि हत्यारांचे वजन हे मालाचेच वजन असते, हेही विसरू नये. क्षमतेपेक्षा जास्त भार नेल्यास कलम १९४ नुसार २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंड आहे.

बसवताना काय पाहावे?

पेटी हौद्याला वेल्ड करू नये. रंग जळतो आणि तिथूनच गंज धरतो. कडांना पकडणारे क्लॅम्प किंवा खालून जाड पट्टी देऊन नट-बोल्ट लावावेत. भोक पाडण्याआधी खाली डिझेल टाकी, ब्रेकचे पाइप किंवा वायरिंग नाही ना, हे बघावे. झाकणाला बाहेर ओघळणारी कड आणि रबरी बीडिंग हवे, तळाला पाणी निघायला छोटी भोके हवीत. बिजागरीच्या पिना आणि कुलपाची कडी बाहेरून कापता येणार नाहीत अशा असाव्यात. गॅस सिलिंडर आणि पेट्रोलचा कॅन मात्र बंद पेटीत कधीही ठेवू नये.

नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल कलम ५२ नुसार करता येत नाही. हौद्याची रचनाच बदलणार असेल तर आधी आरटीओत विचारणा करावी.

पैसे देण्याआधीची चाचणी

आठवडाभरात नेलेली सर्वांत लांब आणि सर्वांत जड वस्तू कोणती, ते लिहून काढा. मग ठरवलेल्या पेटीच्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका हौद्यात दोरीने बांधा आणि तसेच आठवडाभर काम करा. फाळका रोज बंद झाला, झाकण उघडायला केबिनची मागची काच आड आली नाही आणि पेटीच्या मधल्या भागापर्यंत हात पोचला, तर माप बरोबर आहे. एकदाही खोका काढून ठेवावा लागला, तर पेटी लहान करा. पुठ्ठा कापायला काही लागत नाही, पत्रा कापल्यावर मात्र तो परत जोडता येत नाही.