शेजारधर्माचा दवाखाना

असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेल्या माणसाला डॉक्टर लागतो तो थोडा वेळ. बाकी दिवसरात्र तो घरात पडून असतो. तेव्हा त्याला हवं असतं कूस बदलून देणारं, जखम धुणारं, नुसतं शेजारी बसणारंही कुणी. केरळातल्या कोळिकोडने हे ओळखलं आणि त्यावरच आपलं सारं काम उभारलं.

१९९३ साली तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजात 'पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी' सुरू झाली. डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार हे भूलतज्ज्ञ, आणि त्यांच्या जोडीला पहिल्यापासून डॉक्टर नसलेली माणसं. मॉर्फिनने कॅन्सरच्या वेदना आटोक्यात येत; पण खेड्यातल्या रुग्णाने त्या अवस्थेत बसचा प्रवास करून यायचं कसं? मग दवाखानाच घरी जाऊ लागला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मलप्पुरम आणि आसपासच्या जिल्ह्यांत गावोगावच्या स्वयंसेवकांचं जाळं विणलं गेलं.

आठवड्याला निदान दोन तास देऊ शकेल त्याला इथे प्रवेश. सोळा तासांचे वर्ग, मग जाणत्यांबरोबर चार दिवस प्रत्यक्ष रुग्णांकडे. शिकायचं काय, तर मलमपट्टी, बेडसोअरची निगा आणि मुख्य म्हणजे ऐकून घेणं. मला यातलं ऐकणंच सर्वांत अवघड वाटतं. "काही होणार नाही, बरे व्हाल" हे वाक्य आपल्या जिभेवर तयार असतं, आणि रुग्णाला ते खोटं आहे हे पक्कं ठाऊक असतं. ते गिळून गप्प बसायला शिकावं लागतं.

शिवाय आजार एकटा येत नाही. कमावता माणूस पडला की चूल थंडावते, मुलांची शाळा सुटते. म्हणून स्वयंसेवक शिधा पोचवतात, फी भरायची सोय बघतात. पैसा बराचसा गावातूनच, छोट्या छोट्या देणग्यांतून उभा राहतो. या कामाला २००८ साली केरळ सरकारच्या धोरणात जागा मिळाली.

देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे अशा रुग्णांना ठेवून घेऊन त्यांची शुश्रूषा करणारं ठिकाण, मात्र आपल्याकडचं. मुंबईतल्या वांद्र्याचं शांती अवेदना सदन कर्करोगतज्ज्ञ डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ साली सुरू केलं. तिथे रुग्णांकडून पैसे घेत नाहीत. मोलाचं काम आहे ते. पण खाटा किती घालणार? आपल्या प्रत्येक तालुक्याला गरज आहे ती कोळिकोडसारख्या शेजाऱ्यांची. तुमच्या गल्लीतही असं एखादं घर असेल. दोन तास काढा आणि त्या घरी जा.