राउटरांचा शेजारधर्म

परदेशीं असलेल्या मुलाशीं किंवा भावाशीं घरबसल्या बोलतांना त्याचा आवाज किती हातांतून आपणांपर्यंत पोंचतो, याचा विचार आपण क्वचितच करतों. इंटरनेट हें एका धन्याचें घर नव्हे. हजारों स्वतंत्र संस्थांचीं जाळीं एकमेकांस जोडून तें उभें राहिलें आहे. अशा दोन जाळ्यांच्या शिवेवर वाट दाखविणारा जो यांत्रिक पहारेकरी असतो, तोच राउटर.

शेजारच्या राउटरांनीं मार्गांची माहिती एकमेकांस कशी द्यावी, याचे नियम १९८९ सालीं बांधले गेले. त्यांस 'बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल', संक्षेपानें बीजीपी, असें म्हणतात. आज चालू असलेली त्यांची चौथी आवृत्ति १९९४ पासूनची आहे. पुढें नवे राउटर नव्या गोष्टी शिकले. जुने होते तेथेंच राहिले. साऱ्या जगांतील राउटर एका रात्रींत बदलणें तर अशक्यच! मग नव्याजुन्यांचें जमावें कसें?

२००० सालीं यावर तोड निघाली. संबंध जोडण्याच्या पहिल्याच निरोपांत प्रत्येक राउटरनें आपणांस काय काय येतें याची यादी जोडावी, आणि दोन्ही याद्यांत जें समान असेल तेवढेंच व्यवहारांत आणावें. परंतु कांहीं जुन्या राउटरांस ती यादीच उमगत नसे व ते संबंध तोडीत. अशा वेळीं नव्यानें यादीवांचून पुन्हां दार ठोठवावें, असेंहि ठरविण्यांत आलें.

यांतील कांहीं निवड जाळें संभाळणाऱ्या माणसाच्या हातीं असते. 'क्वागा' या मोफत आज्ञावलींत व २०१७ सालीं तिच्यापासून निघालेल्या 'एफआरआर'मध्यें प्रत्येक शेजाऱ्यासाठीं तीन हुकूम आहेत. पहिल्यानें यादी पाठविणेंच बंद होतें. जुन्याशीं जमतें, पण आपल्या नव्या सोयी त्यास कळविण्याचा मार्ग उरत नाहीं. दुसऱ्यानें शेजाऱ्याची यादी बाजूस सारून आपल्याच नोंदीप्रमाणें चालतां येतें. तिसरा फार कडक आहे: याद्या जुळल्या नाहींत, कीं संबंध तोडावयाचा. आमच्या मतें हा तिसरा हुकूम अत्यंत जपून द्यावा. दुसरी वाट नसेल, तर पलीकडचीं माणसें कांहींएक अपराध नसतां जगापासून तुटतात.

याहून सुंदर युक्ति क्रमांकांच्या बाबतींत दिसते. प्रत्येक जाळ्यास एक क्रमांक असतो. पूर्वीं तो ६५,५३५ च्या पुढें जात नसे. हे आंकडे पुरणार नाहींत असें दिसल्यावर २००७ सालीं मोठ्या क्रमांकांची पद्धति आली. पण जुन्या राउटरांस ते वाचतां येईनात. तेव्हां जुन्यापुढें प्रत्येक मोठ्या क्रमांकाच्या जागीं २३४५६ हा एकच राखीव आंकडा ठेवावा, आणि खरे क्रमांक सोबतच्या वेगळ्या नोंदींत द्यावे, असें ठरलें. जुन्यास ती नोंद कळत नाहीं. परंतु अशी नोंद फेंकून न देतां जशीच्या तशी पुढें पाठविणें, हें त्याच्या मूळ नियमांतच होतें. वाटेंत पुढें एखादा नवा राउटर भेटला, म्हणजे तो ती वाचून खरे क्रमांक जागच्या जागीं बसवितो.

नियम करणाऱ्यांस उद्यांचें ज्ञान नव्हतें. आपल्यामागून अधिक जाणता कोणी येईल, एवढें मात्र त्यांनीं धरून ठेविलें होतें. तीन पिढ्या एका छपराखालीं नांदविणाऱ्या आमच्या वाचकांस हा शेजारधर्म परका वाटूं नये.