पाणी गेलं, पण कळा नाहीत

सातवा महिना चालू असताना एखाद्या बाईच्या अंगावरून अचानक कोमट पाणी जायला लागतं. कळा नाहीत, रक्त नाही. लघवी सुटली असेल असं समजून कितीतरी जणी सकाळपर्यंत थांबतात, आणि काहींना तेवढा उशीरही महागात पडतो. ३७ आठवडे पुरे होण्याआधी, कळा सुरू न होताच पाणमोट फुटण्याचा हा प्रकार साधारणपणे शंभरांतल्या तिघींच्या बाबतीत घडतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणांपैकी जवळपास एकतृतीयांश बाळंतपणांची सुरुवात अशीच होते.

निदानाला फार मोठी यंत्रणा लागत नाही. निर्जंतुक स्पेक्युलम लावून आत पाणी साचलंय का, ते डॉक्टर बघतात. शंका राहिली तर त्याचा थेंब काचपट्टीवर वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. गर्भजल असेल तर त्यातल्या क्षारांचे स्फटिक नेच्याच्या पानासारखे फांद्या फुटत पसरलेले दिसतात. बोटांनी आतून तपासणं मात्र शक्यतो टाळायचं. त्याने जंतू वर ढकलले जातात आणि बाळंतपण लवकर ओढवतं.

यानंतर घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो: आता किती दिवस? साधारण निम्म्या जणी आठवड्याभरात बाळंत होतात. पण कोणी दुसऱ्याच दिवशी, तर कोणी तीन-चार आठवडे काढते. हा फरक आधी ओळखता येईल का, या शोधात डॉक्टरांचं लक्ष गर्भाशयमुखाकडे, बोलीतल्या ‘पिशवीच्या तोंडा’कडे गेलं.

एरवी हे मुख नाकाच्या शेंड्यासारखं टणक असतं आणि गरोदरपणात ओठांसारखं मऊ होतं, असं वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना जुन्या काळापासून शिकवत आले आहेत. कोलॅजनचे धागे सैल होऊ लागले की ते आतल्या टोकाकडून नरसाळ्यासारखं उघडतं आणि त्याची लांबी घटते. पाचव्या-सहाव्या महिन्यात ही लांबी साधारण तीन ते चार सेंटिमीटर असते. २५ मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर ते आखूड समजतात. अमेरिकेतल्या दहा केंद्रांनी केलेला एक मोठा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. लांबी जितकी कमी, तितका वेळेआधी बाळंतपणाचा धोका जास्त, हे त्यात स्पष्ट दिसलं. मात्र तो पाणमोट शाबूत असलेल्या बायकांचा अभ्यास होता.

मोजमाप दिसतं तितकं सोपं नाही. मूत्राशय रिकामं हवं. ते भरलेलं असलं की मुख दाबलं जाऊन उगाच लांब दिसतं. सोनोग्राफीचा प्रोब योनीमार्गातून अलगद ठेवायचा, जोर दिला की पुन्हा आकडा फुगतो. काही मिनिटांत तीनदा मोजून त्यातली सर्वांत कमी लांबी धरायची. पाणी गेल्यावर प्रोब आत घालण्याचीच पूर्वी धास्ती वाटे. १९९७ मधल्या एका चाचणीत त्याने जंतुसंसर्ग वाढल्याचं दिसलं नाही आणि ती भीती बरीच ओसरली.

पाणमोट फुटल्यानंतरचे अभ्यास बहुतेक लहान आहेत, पण त्यांचा कल एकाच बाजूला आहे. मुख आखूड असेल तर बाळंतपण लवकर होण्याची शक्यता जास्त. मुख लांब असेल आणि आत पाणीही बऱ्यापैकी उरलं असेल, तर आठवडाभर निभावण्याची आशा वाढते. दोन्ही एकत्र पाहिले तर अंदाज जास्त बरोबर येतो.

पण या आकड्याने उपचार फारसे बदलत नाहीत. ३४ आठवड्यांच्या आत पाणी गेलं की बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं द्यायचीच. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साध्या, स्वस्त डेक्सामेथासोनने नवजात मृत्यूंचं प्रमाण २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आलं. अँटिबायोटिकही द्यायचीच. मुख ४० मिलिमीटर आहे म्हणून यातलं काही थांबवता येत नाही.

मला या मोजमापाचा खरा उपयोग दिसतो तो बाईला हलवण्याच्या निर्णयात. धडगाव किंवा भामरागडसारख्या दुर्गम भागातल्या बाईला नवजात अतिदक्षता कक्ष असलेल्या रुग्णालयापर्यंत न्यायला हाताशी किती वेळ आहे, हे कळलं तर मोठीच मदत होईल. गोम अशी की असं मोजमाप घेणारा तज्ज्ञ आणि यंत्र बहुधा तिथेच असतात जिथे काचपेटीही असते. म्हणून आडगावात लांबी मोजण्याची वाट न बघता रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन केलेला बरा. आईचं पोट हीच सर्वांत चांगली काचपेटी, बाळाला त्यात घेऊनच बाईने पुढे जावं.

दुसरी मर्यादा जंतुसंसर्गाची. ताप, आईची वाढलेली नाडी, पाण्याला घाण वास, बाळाचे वाढलेले ठोके यातून संसर्ग ठरला की लांबी कितीही असो, थांबता येत नाही. पाणी फार लवकर गेलं तर मोजपट्टीला अर्थच उरत नाही. मूळच्या बेळगावच्या दंतवैद्य सविता हलप्पनवार २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये आयर्लंडमधल्या गॉलवे इथे १७ आठवड्यांच्या गरोदर होत्या. पाणमोट फुटली, बाळ वाचणार नाही हे उघड होतं. त्यांनी गर्भपात मागितला, पण ठोके चालू असल्याने तिथल्या कायद्यावर बोट ठेवून तो नाकारला गेला. रक्तात जंतुसंसर्ग पसरून आठवड्याभरात त्यांचा मृत्यू झाला. वय अवघं ३१. त्यानंतर पेटलेल्या वादाचा शेवट २०१८ च्या सार्वमतात झाला आणि आयर्लंडच्या राज्यघटनेतली गर्भपातबंदी गेली.

३४ आठवड्यांनंतर प्रश्न वेगळा होतो: लगेच बाळंतपण करायचं की वाट बघायची? ११ देशांतल्या १,८३९ बायकांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. वाट बघितल्याने बाळांतला जंतुसंसर्ग वाढला नाही. लगेच जन्माला घातलेल्या बाळांना श्वासाचा त्रास जास्त झाला आणि सिझेरियनही जास्त झाली. वाट बघणाऱ्या आयांना मात्र रक्तस्राव आणि ताप यांचा त्रास अधिक होता. त्यामुळे आई आणि बाळ दोघंही ठीक असतील, तर ३७ व्या आठवड्यापर्यंत रोजच्या देखरेखीखाली थांबायचं का, हे आता बाईशी बोलून ठरवतात.