धूसर देह, उघडा देह

डिस्कव्हरी वाहिनीवर २०१३ साली सुरू झालेल्या ‘नेकेड अँड अफ्रेड’ या रिअ‍ॅलिटी शोमध्ये, म्हणजे लिखित संहितेऐवजी खऱ्या माणसांच्या वागण्यावर बेतलेल्या मालिकेत, परस्परांना अनोळखी असलेले स्त्री-पुरुष विवस्त्र अवस्थेत रानात सहसा २१ दिवस तग धरतात. चित्रणानंतर त्यांचे गुह्य अवयव संगणकावर धूसर केले जातात, डासांनी फोडलेली पाठ आणि उन्हाने सोललेले खांदे मात्र स्वच्छ दिसू दिले जातात. झाकली जाते ती लज्जा, हतबलता नव्हे; किंबहुना खपते तीच. असा धूसर पडदा भारतात नियमालाही धरून आहे: केबल दूरचित्रवाणीच्या १९९४च्या नियमांतील कार्यक्रम-संहिता सुरुची व सभ्यता यांना बाधक प्रक्षेपणास मनाई करते.

कर्नाटकातील निपाणी-चिकोडी भागात मात्र हा पडदा काहीसा विसंगत भासतो, कारण निपाणीजवळच्या भोज परिसरात १८७२ साली जन्मलेल्या आचार्य शांतिसागरांच्या परंपरेतील दिगंबर, म्हणजे दिशा हेच वस्त्र मानणारे, जैन मुनी तेथील रस्त्यांवरून दिवसाउजेडी विहार करतात, मोरपिसांची पिंछी व कमंडलू बाळगतात, दिवसातून एकदाच उभ्याने ओंजळीत आहार घेतात आणि केस स्वतःच्या हातांनी उपटतात. हे नग्नत्व अपरिग्रहाचे, म्हणजे काहीही न बाळगण्याच्या व्रताचे असल्याने श्रावक, म्हणजे गृहस्थ जैन, नजर न चुकवता हात जोडतात. स्पर्धकाला खेळ मध्येच सोडता येतो. मुनिदीक्षा मात्र आजन्म असते.