लंडनचे पाणी आणि कॅप्सूल कॉफीयंत्र : चुनखडी केव्हा, कशाने आणि कशी काढावी

सोमवारची सकाळ, साडेसातचा सुमार. आठला पहिली ऑनलाइन बैठक. कॅप्सूल घातली, बटण दाबले. यंत्र नेहमीपेक्षा मोठ्याने घुरघुरले, कपात थेंब थेंब कोमट कॉफी उतरली आणि दिवे लुकलुकू लागले. हॅरो, हाउन्स्लो, स्लाउ किंवा इलफर्ड येथील मराठी घरांना हा प्रसंग नवा नाही. मग यंत्राची रवानगी आधी माळ्यावर, तेथून टाकाऊ विद्युतवस्तूंच्या केंद्रात होते आणि ऑनलाइन नव्या यंत्राची मागणी नोंदवली जाते. पुष्कळदा जुने यंत्र बिघडलेले नसतेच. पाण्यातील चुन्याने त्याचा गळा आवळलेला असतो आणि तो सोडवणे हे जेमतेम अर्ध्या तासाचे काम असते.

या चुन्याचे मूळ इंग्लंडच्या भूमीत आहे. लंडनला मुख्यतः थेम्स आणि ली या नद्यांचे, तसेच भूगर्भातील पाणी मिळते. चिल्टर्न आणि डाउन्सच्या टेकड्या ज्या पांढऱ्या खडूच्या खडकाच्या बनल्या आहेत, त्याच खडकातून हे पाणी झिरपत येते. डोव्हरचे प्रसिद्ध शुभ्र कडेही त्याच खडकाचे. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड हा खडक किंचित विरघळवतो आणि कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपाने तो नळापर्यंत पोहोचतो. शाळेच्या पुस्तकात ज्याला ‘दुष्फेन पाणी’ म्हटले होते आणि ज्यात डाळ लवकर शिजत नाही म्हणून घरची मंडळी ‘जड पाणी’ म्हणत, ते हेच. लंडन परिसरात लिटरमागे 200 ते 300 मिलिग्रॅम कठीणपणा सर्रास आढळतो.

मुंबईकराला किंवा पुण्याच्या जुन्या पेठांतून आलेल्याला याची सवय नसते. भातसा, तानसा, वैतरणा किंवा खडकवासला येथे साठणारे पावसाचे पाणी काळ्या पाषाणावरून वाहत येते. त्यात चुना कमी. बोअरवेलच्या पाण्यावर वाढलेल्यांना मात्र गिझरच्या कॉइलवरचे पांढरे पुट चांगलेच आठवत असेल. ब्रिटनमध्येही सगळीकडे सारखी स्थिती नाही. ग्लासगोला लॉख कॅट्रिनचे, मँचेस्टरला थर्लमिअर आणि हॉजवॉटर या तलावांचे, तर बर्मिंगहॅमला वेल्समधील एलान खोऱ्याचे पाणी मिळते आणि ते मृदू असते. म्हणूनच ‘आमचे यंत्र चार वर्षे काही न करता चालले’ हा ग्लासगोच्या मित्राचा अनुभव हाउन्स्लोत उपयोगी पडत नाही.

पाणी तापले की बायकार्बोनेटचे कार्बोनेट होते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनखडी पृष्ठभागावर बसते. केटलच्या तळाशी ती निदान दिसते तरी. कॅप्सूल यंत्रात ती दिसत नाही, कारण तेथे पाणी भांड्यात उकळत नाही. तापलेल्या धातूच्या ठोकळ्यातील अरुंद मार्गिकेतून ते पंपाच्या दाबाने ढकलले जाते. नेस्प्रेसोच्या पारंपरिक यंत्रांतील पंप 19 बार दाबाचा असतो. एक साधा हिशेब पाहावा. घरात रोज अर्धा लिटर पाणी यंत्रातून जात असेल आणि त्याचा कठीणपणा लिटरमागे 250 मिलिग्रॅम असेल, तर सहा महिन्यांत सुमारे 90 लिटर पाण्याबरोबर साडेबावीस ग्रॅम चुनखडीचा ऐवज त्या मार्गिकेतून जातो. सगळा तेथे बसत नाही. पण बसलेला थोडा अंशही पुरेसा असतो. चुनखडी उष्णतेची मंद वाहक असल्याने पाणी पुरेसे तापत नाही, मार्ग अरुंद झाल्याने पंपाला जोर लावावा लागतो आणि सुटलेला एखादा कण झडपेत जाऊन अडकतो. कॉफी कोमट, कप अर्धा आणि आवाज मोठा ही तिन्ही लक्षणे एकाच कारणाची.

तशातच एक फसवे लक्षणही आहे. टाकी पूर्ण रिकामी झाल्यावर पंप घरघरतो, पण पाणी येत नाही. ती पुष्कळदा चुनखडी नसते, नळीत अडकलेली हवा असते. टाकी काठोकाठ भरून, कॅप्सूल न घालता बटण दोन-तीनदा चालवले की पाणी पुन्हा वाहू लागते. हे करून पाहण्याआधी यंत्रात आम्ल ओतण्याची घाई करू नये.

दिवा काय मोजतो?

सर्वांत मोठा गैरसमज येथे आहे. डिस्केलिंगचा दिवा लागला म्हणजे यंत्राला आतला थर दिसला, असे अनेकांना वाटते. बहुतेक घरगुती यंत्रांना तशी दृष्टी नसते. किती पाणी गेले एवढेच ते मोजतात आणि कठीणपणाच्या नोंदवलेल्या पातळीवरून अंदाज बांधतात. ती पातळी आपल्या गावाप्रमाणे बदललीच नाही, तर अंदाज चुकतो. काही यंत्रांत दिवाच नसतो.

म्हणून पहिले काम रसायन विकत घेण्याचे नसून पाणी जाणून घेण्याचे आहे. स्थानिक पाणीकंपनीच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की कठीणपणाचा आकडा मिळतो. यंत्राच्या पुस्तिकेत तो बहुधा जर्मन किंवा फ्रेंच अंशांत दिलेला असतो आणि तेथेच गोंधळ उडतो. मिलिग्रॅमच्या आकड्याला 17.8 ने भागले की जर्मन अंश मिळतात, 10 ने भागले की फ्रेंच. म्हणजे 250 मिलिग्रॅम हे 14 जर्मन किंवा 25 फ्रेंच अंश झाले. नेस्प्रेसोच्या काही यंत्रांच्या पुस्तिकांत 360 मिलिग्रॅमच्या पाण्यासाठी 40 मिलिलिटरच्या तीनशे कपांनंतर, 180 मिलिग्रॅमसाठी सहाशे कपांनंतर आणि अगदी मृदू पाण्यासाठी बाराशे कपांनंतर डिस्केलिंग सांगितले आहे. लंडनचे पाणी पहिल्या दोहोंच्या मधले. रोज सहा छोटे कप होणाऱ्या घरात याचा अर्थ दोन ते तीन महिन्यांतून एकदा. मोठे लुंगो कप पिणाऱ्यांकडे त्याहून लवकर.

आम्ल कोणते?

चुनखडी आम्लात विरघळते, हे सर्वांना ठाऊक असते. म्हणून स्वयंपाकघरातील व्हिनेगरकडे हात जातो. नेस्प्रेसो आपल्या यंत्रांत व्हिनेगर वापरू नये, असे स्पष्ट बजावते. त्याचा वास नळ्यांत रेंगाळतो आणि रबरी वॉशरांनाही ते मानवत नाही. लिंबू पिळून घालणे तर त्याहून वाईट, कारण रसातील गर त्याच अरुंद मार्गिकेत जाऊन बसतो.

सायट्रिक आम्लाची पूड स्वस्त असते आणि केटलसाठी ती उत्तम. कॅप्सूल यंत्रात मात्र एक खाच आहे. तिच्यापासून तयार होणारे कॅल्शियम सायट्रेट पाण्यात फारसे विरघळत नाही आणि पाणी जितके गरम, तितके ते कमी विरघळते. म्हणजे एक थर काढताना दुसरा बसण्याचा धोका. नेस्प्रेसो आणि डेलाँगी यांची स्वतःची द्रावणे लॅक्टिक आम्लाची असतात, त्यामागे हे एक सबळ कारण दिसते. दह्याला आंबटपणा देणारे हेच आम्ल. त्याचे कॅल्शियम क्षार सहज विरघळून बाहेर पडतात. काही पौंडांची ही बाटली घेणे शहाणपणाचे, कारण चुनखडीने झालेले नुकसान बहुतेक वॉरंटींच्या अटींतून वगळलेले असते.

प्रत्यक्ष कृती

कॅप्सूल काढून टाकावी. वापरलेल्या कॅप्सूलांचा डबा आणि खालचा ट्रे रिकामा करावा. बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणात द्रावण आणि पाणी टाकीत भरावे, तोटीखाली लिटरभर मावेल असे भांडे ठेवावे आणि पुस्तिकेत दिलेल्या बटणांनी यंत्र डिस्केलिंगच्या स्थितीत आणावे. ही बटणे प्रत्येक मॉडेलची वेगळी असतात. पुस्तिका हरवली असल्यास मॉडेलच्या नावाने ती ऑनलाइन मिळते. द्रावण पूर्ण जाऊ द्यावे. काही यंत्रांत भांड्यात जमलेले द्रावणच पुन्हा टाकीत भरून दुसरी फेरी करण्यास सांगितलेले असते. ते किळसवाणे वाटले तरी टाळू नये. त्यानंतर टाकी स्वच्छ विसळून ताज्या पाण्याच्या दोन फेऱ्या.

काम अर्ध्यावर सोडून बैठकीला जाऊन बसणे ही सर्वांत महाग पडणारी चूक. अर्धवट सुटलेले कपचे मार्गात राहतात, आम्ल आत साचते आणि अनेक यंत्रांत पूर्ण चक्र न झाल्याने दिवाही जात नाही. द्रावण गरम बाहेर येते, त्यामुळे मुलांना दूर ठेवावे. ओट्यावर पडलेला थेंब लगेच पुसावा. संगमरवर हाही कॅल्शियम कार्बोनेटच. त्यावर आम्ल कायमचा डाग पाडते. आणि ब्लीचची बाटली त्या वेळी जवळपासही नको, कारण आम्लाशी संयोग होताच त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो.

चुनखडी गेली म्हणजे यंत्र स्वच्छ झाले असे नाही. कॉफीचा तेलकट अंश आम्लाने निघत नाही. त्याला साबणाचे कोमट पाणी लागते. खरा दुर्लक्षित भाग म्हणजे वापरलेल्या कॅप्सूलांचा डबा. स्पेनमधील व्हॅलेन्सिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात दहा नेस्प्रेसो यंत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक यंत्राच्या या भागात साचलेल्या पाण्यात विविध जिवाणूंची वस्ती आढळली आणि नव्या यंत्रातही ती झपाट्याने वाढली. हे नमुने कपातील कॉफीचे नव्हते, तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही. पण डबा आणि ट्रे रोज रिकामा करून धुणे आणि कोरडा करणे, एवढा बोध पुरेसा आहे. व्हर्ट्युओ यंत्रे कॅप्सूलच्या कडेवरील बारकोड वाचतात, टॅसिमोचीही तीच रीत. ती काच कॉफीने माखली की यंत्र कॅप्सूल ओळखेनासे होते. मऊ ओल्या फडक्याने ती पुसावी. डोल्चे गुस्टोमध्ये दुधाची कॅप्सूल वापरल्यानंतर सुईपाशी दुधाचा अंश वाळतो. नुसत्या गरम पाण्याचा एक कप काढून टाकला तर तो साचत नाही.

टाकीत कोणते पाणी भरावे, हाही प्रश्न नेहमी विचारला जातो. गाळण्याच्या जगमधील काडतूस बायकार्बोनेटचा कठीणपणा बराच कमी करते, मात्र ते वेळेवर बदलले तरच. बाटलीबंद पाणी म्हणजे मृदू पाणी, हा समज चुकीचा: एव्हियनचा कठीणपणा लिटरमागे 300 मिलिग्रॅमच्या घरात, म्हणजे लंडनच्या नळाइतका किंवा जास्तच; व्हॉल्व्हिकचा 60च्या आसपास. डिस्टिल्ड पाण्यात चुना नाही हे खरे, पण कॉफीची चवही त्यात उतरत नाही. ती खुलायला थोडे क्षार लागतातच.

डिसेंबरात तीन-चार आठवड्यांसाठी भारतात जाणाऱ्या कुटुंबांनी बॅगा भरण्याच्या आदल्या दिवशी टाकी रिकामी करावी, डबा आणि ट्रे धुऊन कोरडा करून झाकणे उघडी ठेवावीत आणि पुस्तिकेत आतले पाणी काढून टाकण्याची सोय दिली असेल तर ती वापरावी. परतल्यावर पहिली टाकीभर पाणी कॅप्सूल न घालता वाहू द्यावे. प्रवासाच्या शिणवट्यात त्या कपाची ओढ कितीही लागलेली असली, तरी त्याआधी एवढी पाच मिनिटे थांबावे.