पहिल्या खोलीतली किल्ली
(बटणांच्या पलीकडे : लेखांक ६)

मागच्या आठवड्यात आपण ‘अल्टिमा’ आणि ‘विझार्ड्री’ या अमेरिकी आरपीजींपाशी, म्हणजे भूमिका वठवायच्या व्हिडिओ गेमपाशी, थांबलो होतो. घरी संगणक हवा, शेजारी नकाशे काढायला चौकटीचा कागद हवा, आणि तासन्‌तासांची मेहनत एका झटक्यात मातीत गेली तरी पुन्हा बसायची चिकाटी हवी. या खेळांचं वेड जपानमध्ये ज्यांना लागलं, त्यांत युजी होरीई आणि कोइची नाकामुरा हे दोघे होते. एनिक्स कंपनीने भरवलेल्या गेम-स्पर्धेतून ते पुढे आलेले. नाकामुरा प्रोग्रॅमर. होरीई मुळात लिहिणारे. ‘शोनेन जंप’ या लाखोंनी खपणाऱ्या मांगा साप्ताहिकात त्यांचं लेखन चाले. ही गंमत टीव्हीला जोडायच्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमवर, शाळकरी पोरांपर्यंत कशी न्यायची, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. २७ मे १९८६ रोजी ‘ड्रॅगन क्वेस्ट’ मालिकेचा पहिला भाग बाजारात आला.

या मालिकेच्या टिकाऊपणाचं गमक मला पहिल्या भागाच्या पहिल्या खोलीतच दिसतं. खेळ सुरू होतो तो राजाच्या दरबारात, आणि दार बंद. खोलीत तीन पेट्या. त्यांत सोन्याची नाणी, एक मशाल आणि एक किल्ली. बाहेर पडायचं तर राजाशी बोलावं लागतं, पेटी उघडावी लागते, किल्ली लावावी लागते, जिना उतरण्याचीही आज्ञा यादीतून निवडावी लागते. म्हणजे दहा वर्षांचं पोर दाराबाहेर पाऊल टाकतं तेव्हा खेळाची जवळपास सगळी भाषा शिकून बसलेलं असतं, आणि आपल्याला कुणी शिकवलं हे त्याच्या गावीही नसतं. किल्ल्याबाहेर आलं की पाण्यापलीकडे खलनायकाचा वाडा दिसतो. अगदी जवळ! पोहोचायला मात्र अख्खी दुनिया पालथी घालावी लागते. कुठे जायचं हे सांगायला बाण नकोत, फलक नकोत.

आणि हरल्यावर? इथे होरीईंचा खरा स्वभाव कळतो. नायक पडला की तो पुन्हा राजासमोर उभा राहतो. निम्मी नाणी जातात, राजा दोन शब्द सुनावतो, पण कमावलेला अनुभव एका गुणानेही कमी होत नाही. त्या काळचे बहुतेक खेळ बोटांच्या चपळाईची परीक्षा घेत. इथे चपळाई नसलेल्यालाही शेवट गाठता येतो. चार राक्षस जास्त मारावे लागतात, इतकंच. दिलेला वेळ वाया जात नाही, या भरवशावर माणसं चाळीस वर्षं या मालिकेकडे परत येत आहेत असं माझं मत आहे. ‘नुसतं तेच ते करावं लागतं’ ही टीकाही याच गुणाची दुसरी बाजू, आणि ती खोटी नाही. सातव्या भागात पहिली लढाई यायलाच काही तास जातात; तिथे माझाही धीर सुटतो.

हे सगळं ६४ किलोबाइटांत बसवलं होतं. आज मोबाइलवरच्या एका फोटोला याच्या कितीतरी पट जागा लागते. जागा वाचवायला काताकाना लिपीतली मोजकी विसेक अक्षरंच ठेवली आणि राक्षसांची नावं तेवढ्यातूनच जुळवली. खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती, म्हणून राजा वीस अक्षरांचा मंत्र देई. तो वहीत उतरवायचा आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा भरायचा. दुसऱ्या भागात तो बावन्न अक्षरांपर्यंत गेला. एक अक्षर चुकलं की सगळं मुसळ केरात.

चित्रं आकिरा तोरियामांची. हो, आपल्याकडच्या पोरांनी कार्टून नेटवर्कवर पाहिलेल्या ‘ड्रॅगन बॉल’चेच ते. होरीईंनी स्लाइम नावाचा राक्षस नुसता चिखलाच्या गोळ्यासारखा रेखाटून दिला होता. तोरियामांनी त्याचा टपोरा थेंब केला आणि त्याला हसरं तोंड दिलं. संगीत कोइची सुगियामांचं. ते तेव्हा पन्नाशी ओलांडलेले, नावाजलेले संगीतकार. एनिक्सच्या एका शोगीच्या (जपानी बुद्धिबळाच्या) खेळाविषयी त्यांनी कंपनीला अभिप्रायाचं कार्ड धाडलं आणि त्यातून ही गाठ पडली.

१० फेब्रुवारी १९८८ला, बुधवारी, तिसरा भाग आला तेव्हा दुकानांबाहेर रांगा लागल्या आणि शाळा बुडवून उभ्या राहिलेल्या शेकडो मुलांना पोलिसांनी धरलं. पुढे ‘हा खेळ कामाच्या दिवशी विकायचा नाही असा जपानमध्ये कायदाच आहे’ अशी वदंता जगभर पसरली. कायदा कधीच नव्हता. चौथा भाग मात्र रविवारी आला.

माझ्या लेखी या मालिकेचा कळस १९९२चा पाचवा भाग. (ज्यांना खेळायचा आहे त्यांनी हा परिच्छेद गाळावा.) नायकाच्या जन्मापासून सुरुवात होते. लहानपणी तो बापाचा हात धरून हिंडतो आणि त्याच्याच डोळ्यांदेखत बाप मारला जातो. मग दहा वर्षांची गुलामी. सुटका, भटकंती, लग्न. बालमैत्रीण बियांका की श्रीमंत घरची फ्लोरा, हा वाद जपानी खेळाडूंमध्ये अजून मिटलेला नाही. मग शापाने नायकाचा दगड होतो आणि वर्षं सरतात. भाकितातला वीर आपणच, या समजुतीत आपण इतका वेळ खेळत असतो. पण त्या वीराची पौराणिक तलवार आपल्या हाती चालतच नाही. ती चालते आपल्या मुलाच्या हाती. शाळेत असताना हा भाग खेळलेला माणूस मुलंबाळं झाल्यावर पुन्हा खेळतो, तेव्हा त्याला त्यात बापाची गोष्ट दिसते. व्हिडिओ गेममध्ये याच्या तोडीचं कथानक त्या काळी मला दुसरं माहीत नाही.

जपानबाहेर हे गारुड तितकं चाललं नाही. अमेरिकेत पहिला भाग १९८९ साली पोहोचला, आणि पुढे निन्टेन्डोने आपल्या मासिकाच्या वर्गणीसोबत त्याच्या प्रती फुकट वाटल्या. आपल्याकडे नव्वदच्या दशकात फॅमिकॉमच्या स्वस्त नकला घरोघरी आल्या, पण त्यांवर चालले ते ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’. जपानी मजकुराने भरलेल्या खेळाचं इथे कोण काय करणार? मायदेशी मात्र २०२१च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये खेळाडूंच्या संचलनाला सुरुवात झाली ती सुगियामांच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मधल्या धुनेने. त्याच वर्षी ते गेले. मार्च २०२४मध्ये तोरियामाही गेले.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने २०१७चा अकरावा भाग घ्यावा. तो इंग्रजीत आहे आणि घरच्या संगणकावरही चालतो. तो आवडला तर २०२४मध्ये नव्या रूपात आलेला तिसरा. सातव्याला मात्र लगेच हात लावू नका.

(पुढील आठवड्यात : ‘फायनल फँटसी’)