टॉवरवर किती खापर फोडणार?

छत्रपती संभाजीनगरात चिमण्यांसाठी धडपडणारा स्वयंसेवक शाळेत बोलायला उभा राहो की सोसायटीच्या बैठकीत, पहिला प्रश्न ठरलेला: "मोबाइल टॉवरच्या लहरींनीच चिमण्या गेल्या ना?" प्रश्न कसला, निकालच तो!

निकाल देण्याआधी लंडनचा हिशेब पाहावा. तिथल्या केन्सिंग्टन गार्डन्समध्ये १९२५ साली २६०३ चिमण्या मोजल्या गेल्या. १९४८ मध्ये उरल्या ८८५, १९७५ मध्ये ५४४. ब्रिटनमध्ये मोबाइल सेवा आली १९८५ साली. सुरुवातीच्या घटीचं कारण अभ्यासक घोड्यांशी जोडतात: घोडागाड्या गेल्या, रस्त्यावर सांडणारी चंदीही गेली.

आपल्याकडचं काय? 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा २०२० चा अहवाल साडेपंधरा हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या एक कोटीवर नोंदींवर उभा आहे. तो सांगतो की देशभरात चिमण्यांची संख्या साधारण स्थिर आहे. मोठ्या शहरांत मात्र ती घटली. लहरींमुळे घटली, याचा ठोस पुरावा नाही.

टॉवरला दोष देणं सोयीचं, कारण तो दुसऱ्याचा असतो. अंगणातली फरशी, शोभेच्या झाडांवरची फवारणी आणि फट नसलेली स्लॅबची घरं आपली असतात. चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना लागतात अळ्या आणि किडे. माळवदाच्या जुन्या घरांत घरट्याला जागा होती. काचेच्या दर्शनी भिंतीत कुठून असणार?

"घरट्यासाठी खोका टांगला की झालं" हाही भ्रमच. भोक साधारण ३२ मिलिमीटरचं हवं. मोठं ठेवलं तर साळुंकी घुसते. मराठवाड्याच्या मे महिन्यात पश्चिमेच्या उन्हात टांगलेल्या खोक्यात पिल्लं होरपळतात. अमेरिकेत तिथल्या ब्लूबर्ड या पक्ष्यासाठी असेच खोके लावणारे स्वयंसेवक त्यात घरचिमणी शिरू नये म्हणून झटतात, कारण युरोपातून नेलेली ही पाहुणी तिथे ब्लूबर्डची जागा बळकावते.

माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते? नाही, घरट्यातून पडलेलं पिल्लू उचलून परत ठेवावं. आणखी एक गैरसमज: संभाजीनगरातल्या सरोवराला ज्यांचं नाव आहे, त्या पक्षीतज्ज्ञ सलीम अलींच्या आयुष्याला वळण देणारी चिमणीही घरचिमणी नव्हे; ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी होती.

काळजी करायचीच तर नीलपंखाची करावी, ज्याला बरेच जण नीलकंठ म्हणतात. विजेच्या तारेवर दिसणारा हा निळा पक्षी सगळ्यांना नेहमीचाच वाटतो, म्हणून त्याच्याबद्दल कुणी विचारत नाही. पण त्याची घट पाहून 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स'च्या २०२३ च्या अहवालाने त्याच्या जागतिक दर्जाचा फेरविचार सुचवला आहे. त्याची नोंद करायला तज्ज्ञ असावं लागत नाही. फेब्रुवारीतल्या 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट'ला पंधरा मिनिटं पुरतात, आणि ओळखलेल्या सगळ्या पक्ष्यांची पूर्ण यादी दिली तर न दिसलेला नीलपंखही आकडेवारीत धरला जातो.